उघडा कोपरा

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड शनिवारी दुकानात आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ते अजून तसंच आहे, ओळीच्या बाहेर एक काना जाणार नाही. वर शब्दकोशाच्या कचेरीचा शिक्का, खाली ‘शब्द क्र. ४१२’, आणि मग सरळ काम: इंग्रजीत माल न दाखवता गळ्यात मारण्याला ‘पोत्यातलं डुक्कर विकणं’ म्हणतात, तर आपल्याकडे दुकानदार आपापसांत काय म्हणतात? पुस्तकातलं नको, बाजारातलं हवं. ‘धंद्यातल्या माणसाला विचारावं असं ठरलं, म्हणून तुला विचारते आहे.’ सहीच्या जागी ‘संपादक’.

बायको म्हणाली, “एवढंसं कार्ड तीनदा वाचलंत. लॉटरी लागली की नोटीस आली?”

मी म्हटलं, “ताईचं आहे.”

ती उठून चहा टाकायला गेली. मी मागितला नव्हता.

तर तुझं उत्तर. खराब माल दिला की आम्ही ‘माथी मारला’ म्हणतो. गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना दिला तर ‘गळ्यात मारला’. गोड बोलून दिला तर ‘टोपी घातली’. ओळखीच्याला दिला तर ‘मामा बनवला’. मोठी फसवणूक असेल तर ‘गंडा घातला’, आणि बारीकसारीक, रोजची असेल तर नुसतं ‘खपवलं’. खपवलं हा सगळ्यांत वापरातला शब्द. त्यात कोणाला काही केल्यासारखं वाटत नाही. माल होता, खपला.

चुना लावणं, शेंडी लावणं, तोंडाला पानं पुसणं हे तुझ्याकडे असेलच. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. डोकं, गळा, तोंड, शेंडी, सगळं फसलेल्याचं. फसवणाऱ्याच्या अंगाला लागेल असा शब्द मला एकही आठवला नाही. तुझ्या कामाचं असेल तर घे, नाहीतर सोड.

दुकान ठीक चाललंय. कापसाचं काम कधीच बंद केलं, आता फोम. कंपनीतून पॅक होऊन येतो, वर प्लॅस्टिक, आत हात घालून बघण्यासारखं काही नसतं. बाबांची कात्री अजून भिंतीवर आहे. तुझी लेक आता तेरा वर्षांची झाली असेल.

अजून शब्द असतील तर पाठव. माझ्याकडे वेळ असतो.

तुझा धाकटा भाऊ

•

१५ फेब्रुवारी

ताई,

दुसरं कार्ड मिळालं. ‘माथी मारणे घेतला. प्रत्येक शब्दाला एक खरं उदाहरण लागतं, तेही लिहावं.’ आणि शब्द क्र. ४१३: लाकडाचं जायफळ कोरून खऱ्याच्या भावात विकणं, वरून हुबेहूब, आत लाकूड. असली जायफळं कोणी खरंच कोरली होती का गं? एवढी मेहनत करण्यापेक्षा खरं जायफळ विकणं सोपं नाही का? पण नाही. मला माहीत आहे. एकदा हात बसला की खोटं करणंच सोपं जातं.

याला आमच्याकडे ‘कोपऱ्याचा माल’ म्हणायचे. हा शब्द तुझ्या कोशात नसणार. उदाहरण देतो.

एक दुकानदार होता. त्याच्या वडिलांची गाद्या करायची पद्धत अशी, की गादी भरून झाली की सगळ्या बाजू शिवायच्या, पण एक कोपरा उघडा ठेवायचा. गिऱ्हाइकाने यायचं, कोपऱ्यातून हात घालायचा, कापसाचा पुंजका बाहेर काढून उजेडात धरायचा, ओढून बघायचा, हुंगायचा. मन भरलं की पुंजका आत टाकायचा आणि मगच कोपरा त्याच्यासमोर शिवायचा. वडील म्हणायचे, शेवटचा टाका गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत पडला पाहिजे. बाजारात दुसरं कोणी असं करत नव्हतं. लोक लांबून यायचे.

वडील गेल्यावर मुलाच्या ध्यानात आलं, की हात कोपरापर्यंतच आत जातो. तेवढ्या भागात नवा पांढरा कापूस ठेवला, तर बाकीच्या गादीत काय आहे हे कोणाला कधीच कळणार नाही. दवाखाने जुन्या गाद्या फेकतात. त्या वजनावर मिळायच्या. फाडायच्या, आतला कापूस रसायनाच्या पाण्यात बुडवून पांढरा करायचा, मशीनवर पिंजायचा आणि भरायचा. कोपऱ्यात चांगला. वडिलांची पद्धत न मोडता धंदा वाढला. उलट पद्धतीमुळेच वाढला.

पत्र इथपर्यंत लिहून ठेवून दिलं होतं. दोन दिवसांनी पुढे लिहितो आहे. ‘एक दुकानदार होता’ हे वाचून तू हसली असशील, किंवा हसलीही नसशील.

पण ताई, तुझ्या लेकीच्या गादीचं तसं नव्हतं. तू निरोप पाठवलास, तिला श्वासाचा त्रास आहे, डॉक्टर म्हणाले नव्या स्वच्छ कापसाची गादी करा, तेव्हा मी खरी गादी काढायला सांगितली होती. खऱ्या गाद्यांच्या शेवटच्या गाठीला आम्ही निळा दोरा लावत होतो आणि बाकीच्यांना पांढरा. गाडीवाल्याने घाईत पांढऱ्या दोऱ्याची उचलली. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू ऐकून घ्यायला थांबली नाहीस.

तुझा भाऊ

•

२८ फेब्रुवारी

ताई,

कार्ड वाचलं. चार वाक्यं आणि एक शब्द. मी ती इथे उतरवतो, म्हणजे मी टाळलं असं व्हायला नको.

‘कोपऱ्याचा माल घेतला, उदाहरणातला “एक दुकानदार” काढून टाकला. बाबांच्या दुकानात निळा दोरा कधी नव्हता. त्या गाठी मारतच मी मोठी झाले आणि तू तो आणला असतास तर टाकेकाकांनी मला सांगितलं असतं. ते आता अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांची मुलगी अकरा वर्षं त्यांच्याकडे फिरकलेली नाही, कारण तुला माहीत आहे. शब्द क्र. ४१४: स्वतःच्या हातातला खराब माल तळव्यात लपवून दुसऱ्याच्या हातात सरकवणं.’

तू लहानपणी माझी वही तपासायचीस तसंच अजून तपासतेस. लाल शाई तेवढी नाही.

बाबांच्या वेळचे आपले टाकेकाका आजारी आहेत हे मला माहीत नव्हतं. खरं सांगतो. ते धान्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवतात एवढं कानावर आलं होतं, चार-पाच वर्षांपूर्वी. मी त्या रस्त्याने जायचं बंद केलं होतं.

उदाहरण मागितलं आहेस, तर ४१४चं उदाहरण. तू तिथे होतीस, तरी लिहितो.

मंगळवार होता, दुकानात गर्दी होती. तू आत आलीस, पदर खोचलेला, डोळे न झोपलेले. लेक तीन दिवस दवाखान्यात होती. सासूबाईंनी घरच्या सगळ्यांसमोर गादी उसवली होती. कोपऱ्यात पांढरा कापूस निघाला, आणि पुढे हात घातला तर काळपट गोळे, केस, बँडेजचे तुकडे. आणि एक कापडाची पट्टी, त्यावर खाटेचा नंबर. तू त्या सगळ्यांना म्हणालीस, “माझा भाऊ असं करणार नाही.” हे मला नंतर तुझ्या नवऱ्याकडून कळलं. ती पट्टी मुठीत धरून तू दुकानात आलीस आणि माझ्यासमोर हात उघडलास. फक्त म्हणालीस, “हे काय आहे?”

समोर पाच गिऱ्हाइकं होती. एक बाई तर कोपऱ्यात हात घालून उभी होती.

मी म्हटलं, “काकांना विचार. मागे शिवायला तेच असतात. चांगला कापूस बाहेर विकतात आणि हे भरतात. मलाही आत्ताच कळलं.”

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून निघालं. पण निघाल्यावर परत घेतलं नाही, आणि परत घ्यायला अकरा वर्षं होती.

काका मागच्या दारात उभे होते. हातात दाभण, दोऱ्यासकट. तीस वर्षं आपल्या दुकानात. तुझ्या बाहुलीची गादी त्यांनी शिवली होती, माझी पहिली चड्डीसुद्धा त्यांनीच उसवून मोठी केली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, मग त्या पाच जणांकडे. म्हणाले, “असेल. माझीच चूक असेल.” बोटातलं अंगुस्तान काढून गल्ल्यावर ठेवलं आणि पुढच्या दाराने गेले. ते कधी पुढच्या दाराने जात नसत.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. “बरं,” म्हणालीस. एवढंच. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

त्यांच्या मुलीचं मला नंतर कळत गेलं. ती पलीकडच्या दुकानात खोळी शिवायची. चोराची मुलगी म्हणून तिला काढलं. तिचं लग्न ठरलं होतं, तेही मोडलं. तिने बापाला विचारलं असणार आणि काकांनी तिलाही तेच सांगितलं असणार: माझीच चूक.

कालच मी त्यांच्या घरी फळांची करंडी पाठवली आहे. नाव घातलेलं नाही.

भाऊ

•

११ मार्च

ताई,

करंडी परत आली. वर तुझं कार्ड. म्हणजे तू तिथे होतीस. तू दर महिन्याला जातेस हे तू आता लिहिलंस, आधी मला कसं कळणार?

‘फळं खाऊन नाव धुतलं जात नाही. मी त्यांच्या मुलीला चार वेळा सांगून पाहिलं. ती म्हणते, बाप स्वतः कबूल झाला, तुम्ही कोण मध्ये पडणाऱ्या? तिला ज्याने केलं त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. डॉक्टर फार दिवस देत नाहीत.’ आणि खाली, माझा जीव एवढासा झालेला असताना, ‘शब्द क्र. ४१५: सापाचं तेल, म्हणजे रामबाण म्हणून खपवलेलं बोगस औषध.’ तुझी कमाल आहे.

या वेळी शब्द नाही देत. आधी निळ्या दोऱ्याचं सांगतो.

निळा दोरा नव्हता. तू म्हणालीस ते खरं आहे. तो मी त्या पत्रासाठी तयार केला. गंमत बघ, तुला खोटं सांगायला बसलो तेव्हाही मी कोपऱ्यात थोडं खरं भरलं, म्हणजे तू हात घातलास तर ते लागेल.

खऱ्या गाद्या नव्हत्याच. तुझा निरोप आला तेव्हा वर्षभराहून जास्त काळ आमच्या दुकानातून एकही खरी गादी बाहेर गेली नव्हती. नवा कापूस होता तो फक्त कोपऱ्यांपुरता. तुझ्या लेकीसाठी खरी करायची तर मला गाद्या भरायच्या शेडमध्ये जाऊन माणसांना सांगावं लागलं असतं, की ही एक गादी पूर्ण चांगल्या कापसाची भरा, लहान मुलीसाठी आहे. हे मी त्यांना सांगू शकलो नाही. ते सांगणं म्हणजे बाकीच्या गाद्या मुलांना द्यायच्या लायकीच्या नाहीत हे माझ्या तोंडाने कबूल करणं. त्या आठवड्यातच दोन गाद्या पाळणाघरात गेल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, रसायनात बुडवलेला कापूस आहे, त्यात काय जिवंत राहणार? स्वच्छच आहे. एक दिवस मी तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पहिली हाताला लागली ती पाठवून दिली. वर नवी खोळ घातली, पिवळ्या फुलांची. खोळ मी स्वतः निवडली होती.

गाडीवाल्याची चूक नव्हती. काकांची तर नव्हतीच. मला माहीत होतं, ती गादी कोणाच्या अंगाखाली जाणार आहे.

अजून एक राहिलं आहे. तू गेल्यावर मी ते काम बंद केलं असं तुला वाटत असेल. निदान मला वाटायचं की तुला तसं वाटत असेल. नाही केलं. पुढे दोन वर्षं चालू होतं. काकांच्या जागी दुसरा माणूस बसवला. लोक उलट विश्वासाने येऊ लागले, की चोर पकडला, आता इथे माल शुद्ध. फोम आला आणि लोकांना तोच हवा झाला, म्हणून कापूस सुटला. मी सोडला नाही.

बायकोला काल हे सगळं सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “आपण कशावर झोपतो?”

मी म्हटलं, “आपली बाबांच्या वेळची आहे.”

ती म्हणाली, “हो, तेवढी काळजी घेतलीत.”

आज मी काकांच्या मुलीच्या दुकानापर्यंत गेलो होतो. कपडे धुण्याच्या दुकानात पुढे एक टेबल टाकून ती कपडे कमी-जास्त करून देते. काचेतून दिसत होती. मान खाली, पाय मशीनवर. बापासारखीच दोरा दाताने तोडते. आत गेलो नाही. समोरच्या फुटपाथवर उभा राहून परत आलो.

तू यावर काही लिहू नकोस.

•

२२ मार्च

ताई,

तू खरंच काही लिहिलं नाहीस. अकरा दिवस टपालवाल्याची वाट बघितली. तो म्हणाला, “काय शेठ, प्रेमपत्र यायचंय का?”

काकांच्या मुलीकडे जायच्या आधी बाजारात सांगावं असं मनात आलं. बाजारात काकांचं नाव मी घालवलं, म्हणजे बाजारातच परत आणायला हवं. हे पटण्यासारखं वाटतं ना? मलाही वाटलं. नंतर कळलं, तोही एक फुटपाथ होता, फक्त जरा मोठा.

तरी गेलो. व्यापारी संघाच्या अध्यक्षांना लेखी दिलं, त्या काळी कोणता माल कोणी भरला, आळ कोणावर घातला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून ठेवला.

“तुला झालंय काय? कोणी धमकी दिली का?”

“नाही.”

“मग गाडलेलं मढं कशाला उकरतोस? तुझं एकट्याचं नाव जाणार नाही, सगळ्या बाजाराचं जाईल. लोक म्हणतील, याने केलं म्हणजे सगळ्यांनी केलं.”

“केलं नव्हतं का?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी त्यांच्या पानात माती कालवली. मग कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवला, वरून थोपटलासुद्धा. “म्हातारा आजारी आहे ना? औषधपाणी बघ त्याचं. गाजावाजा नको.”

मी तोच कागद मोठ्या अक्षरांत उतरवून दुकानाच्या काचेवर आतून चिकटवला. सोमवारपासून आहे. पहिल्या दिवशी लोक थांबून वाचायचे आणि मी नजर वर केली की निघून जायचे. शेजारचा कुलूपवाला आत येऊन हळूच म्हणाला, “शिकलेले काय म्हणतात माहीत नाही, पण आमच्याकडे याला स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात.” काल एक जोडपं आलं, लहान मुलाची गादी हवी होती. नवऱ्याने वाचलं, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता तरी खरं सांगतोय.” तो म्हणाला, “आता सांगतोय म्हणजे तेव्हा केलं.” गेले. त्याचं बरोबर होतं.

काकांच्या मुलीपर्यंत हे पोचलं असेल का? पोचलं असेल तर ती आली नाही. आणि तिने का यावं? जायचं मला आहे.

उद्या जातो. हे तुला लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

•

२ एप्रिल

ताई,

उद्या म्हणालो आणि आठ दिवसांनी गेलो. तेही लिहून ठेवतो.

ती एका पँटची लांबी कमी करत होती. मी नाव सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही.

म्हणाली, “ओळखलं. काचेवर काय लावलंय तेही कळलं. पँट चारला द्यायचीय, तुम्ही बोला.”

मी उभ्यानेच सांगितलं. कापूस कुठून आणायचो, कोपरा कसा भरायचो, तुझी लेक, ती पट्टी, मी काय बोललो. मध्ये एक माणूस शर्ट घ्यायला आला. तिने त्याला शर्ट दिला, सुटे दिले, “कॉलरचा डाग गेला नाही, सांगून ठेवते” म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “हं. पुढे.”

पुढे काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, “तुमच्या वडिलांनी काही केलं नाही. मी खोटं बोललो.”

“मग ते हो का म्हणाले?”

“मला माहीत नाही.”

“मलाही नाही. मी त्यांना सात वेळा विचारलं. लग्न मोडलं त्या दिवशी पाया पडून विचारलं. म्हणाले, माझीच चूक.” तिने दोरा तोडला. “हे तुम्ही त्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“माझ्याकडे आधी आलात. तिथे तोंड दाखवायला भीती वाटते, आणि मी सोपी वाटले.” पँट घडी करून तिने कागदात गुंडाळली. “चला. माझ्यासमोर सांगा.”

ती पुढे, मी मागे. जिन्यावर तिसऱ्या मजल्यापाशी ती थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मला वाटलं दम लागला. मग माझ्या लक्षात आलं, या दारात ती अकरा वर्षांनी आली होती. दार मला वाजवायला लावलं.

काकू बाहेर आल्या. मला पाहून दार लावायलाच निघाल्या होत्या, तेवढ्यात मागे मुलगी दिसली. त्यांचा हात कडीवर तसाच राहिला.

काका खिडकीपाशी पडून होते. फार लहान झालेत गं. तू दर महिन्याला बघतेस, तुला तेवढं जाणवत नसेल. छातीत कापूस भरल्यासारखा आवाज येतो. त्यांनी मला ओळखलं. “ये धाकट्या,” म्हणाले. मग दाराकडे पाहिलं, आणि माझ्याकडे बघायचं विसरले.

मी सगळं परत सांगितलं, या वेळी त्यांना. सांगण्यासारखं त्यांना नवीन काहीच नव्हतं. शेवटी म्हटलं, “काका, तुम्ही काही केलं नव्हतं.”

ते मुलीकडे बघत होते. ती म्हणाली, “का हो म्हणालात? याला वाचवायला? मालकाचा मुलगा म्हणून? मी कोण होते मग?”

काकांना बोलायला वेळ लागला. काकूंनी पाणी पुढे केलं, त्यांनी हाताने बाजूला सारलं.

“याला वाचवायला नाही,” म्हणाले. “नव्या कापसात दाभण सरकतं. लोण्यात सुरी जाते तसं. त्या गाद्यांत अडायचं. केसाला अडायचं, चिंधीला अडायचं. पहिल्याच दिवशी अडलं. मी याला म्हटलं, धाकट्या, दाभण अडतंय. हा म्हणाला, शिवा हो काका. मी शिवलं. चौदा महिने शिवलं. शेवटचा टाका गिऱ्हाइकासमोर मी घालायचो. हा नाही.” त्यांनी श्वास घेतला. “याची ताई पट्टी घेऊन आली तेव्हा मला कळलं, ती पट्टी माझ्या दाभणाला लागून गेलेली आहे. मग काय म्हणू, मी नाही?”

ताई, हे मी तुला आजवर लिहिलं नव्हतं. विसरलो होतो असं म्हणणार होतो. विसरलो नव्हतो. त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी ‘शिवा’ म्हटलं होतं. मागच्या पत्रात सगळं कबूल केल्यासारखं लिहिलं, तरी एवढं मागे ठेवलंच. त्यांनी नोकरी जाईल म्हणून शिवलं असेल, बाबांच्या नावासाठी शिवलं असेल, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की मी त्यांना दोनदा गाडलं. एकदा चौदा महिने, एकदा त्या मंगळवारी. आणि त्यांनी पहिल्याचा दोष स्वतःकडे ठेवला म्हणून माझा दुसराही खपून गेला.

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय ओढून घेतले. रागाने नाही; गार पडले होते, म्हणून काकूंनी पांघरुणात गुंडाळलेले होते, ते हलवताना त्रास झाला असेल. किंवा रागानेच. मी ठरवायला नको.

मुलगी खाटेच्या कडेला बसली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमचं सांगून झालं असेल तर तुम्ही जा आता.”

मी म्हटलं, “अजून काही करता येण्यासारखं असेल तर...”

“तो कागद काचेवरून काढू नका. ऊन लागून पुसला तर परत लिहा. बाकी काही नको.”

मी निघालो. दाराबाहेर चपला घालत होतो, दार पूर्ण लागलेलं नव्हतं. आतून तिचा आवाज आला, रागातलाच, भांडल्यासारखा. “हे काय, गोळ्या अशाच पडल्यात! सकाळची घेतली नाहीत? आई, यांना विचारतेय मी, तू नको बोलूस.”

काका काहीतरी म्हणाले. मी ते ऐकायला थांबलो नाही, जिना उतरलो.